‘मी’ नसलेली भाषा

“ह्यां चेडू बोलता, की नुसतां तोंड हलयता?”

फोरमन परबकाका हे माझ्याविषयी म्हणाले, पण मला उद्देशून नाही. लेथवर काम करणाऱ्या माणसाला. मी चार हातांवर उभी होते. शेडमध्ये दोन यंत्रं चालू होती, त्यामुळे आपलं बोलणं माझ्यापर्यंत पोचणार नाही अशी त्यांची खात्री असावी. माझ्यासमोर सहा व्हिएतनामी माणसं निळे डगले घालून उभी होती आणि रबराच्या दोन रोलांमधली फट कशी लावायची, हे मी त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगत होते. निदान माझी तशी समजूत होती. सहाही जण माझ्याकडे वाकले होते. एकाने तर कानामागे हात धरला होता. त्यांच्यातले पुढारी, खिएम नावाचे, हसून म्हणाले, “पुन्हा एकदा सांग. जरा मोठ्याने.”

मी पुन्हा सांगितलं. तितक्याच हळू.

मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. साकीनाक्याला भात भरडायची छोटी यंत्रं बनवणारा एक कारखाना होता. त्याला व्हिएतनामची ऑर्डर मिळाली होती आणि तिथली सहा माणसं यंत्र जोडायला, दुरुस्त करायला शिकण्यासाठी आली होती. मी त्यांची दुभाषी.

दुभाष्याचं काम काय असतं हे लोक मला अजून विचारतात. दोन भाषा आल्या की झालं, असं त्यांना वाटतं. खरं तर या कामात दिवसभर ‘मी असं केलं, मला तसं हवंय’ असं बोलायचं असतं आणि त्यातला एकही ‘मी’ आपला नसतो. शेठ चिडले की आपण चिडायचं, पाहुण्यांना भूक लागली की आपल्याला भूक लागली म्हणायचं. स्वतःचं मत कुणी विचारत नाही. माझ्यासारखीला हे काम म्हणजे वरदान वाटलं होतं.

माझं शिक्षण बोरीवलीत इंग्रजी शाळेत झालं. शाळेत चुकून मराठी शब्द निघाला तर बाकावर उभं करायचे. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात चुकून इंग्रजी शब्द निघाला की मुली म्हणायच्या, “आली बघ मडमीण.” तेव्हा तोंड उघडण्याआधी समोर कोण आहे ते बघायचं आणि शक्य असेल तर उघडायचंच नाही, अशी सवय लागली. नवी भाषा शिकताना मात्र मला मोकळं वाटायचं. तिथे सगळेच चुकणार हे गृहीत असतं.

पहिली शिकले जपानी, अंधेरीच्या एका वर्गात. लिपीने घाम फोडला. एक नाही, तीन लिप्या. पण वाक्य थेट आपल्यासारखं. क्रियापद शेवटी, शब्दाला चिकटणारे प्रत्यय जवळजवळ आपल्या विभक्तीसारखे. मनात मराठी वाक्य मांडायचं आणि एकेक शब्द बदलत जायचं. शिवाय जपानीत अर्धं वाक्य हवेत सोडून दिलं तरी चालतं, उलट ते सभ्य मानतात. आवाज एका पट्टीत ठेवला तरी काम भागतं. लाजऱ्या माणसासाठी बेतलेली भाषा आहे ती.

मग थोडी चिनी. घाटकोपरला एक चिनी दाताचे डॉक्टर होते. माझ्या आजोबांची कवळी त्यांनीच केलेली. संध्याकाळी पेशंट संपले की ते मला शिकवायचे. चिनीत सूर आले. तोच उच्चार वर नेला की एक अर्थ, खाली आणला की दुसरा. डॉक्टर पेशंटच्याच खुर्चीत मला बसवायचे आणि जबडा धरून “उघड, अजून उघड” म्हणायचे. शब्द बाहेर पडायचाच. पण चिनीत एक सोय होती. स्वतःला म्हणायचा शब्द एक, समोरच्याला म्हणायचा एक. मालक असो की पोऱ्या, तोच.

साकीनाक्याच्या शेठना मी जपानी पत्रं भाषांतर करून देत होते. एक दिवस ते म्हणाले, “बेन, तुमी जपानी शिकला, चिनी शिकला. आता व्हिएतनामी पण होऊन जाईल. शेजारी-शेजारीच तर हाय.”

मी म्हटलं, “पण शेठ, ती वेगळी—”

“पाच महिने हाय ना! शिकवणारी पण मी शोधली.”

शिकवणारी मुलुंड कॉलनीत राहत होती. तिचं नाव लान. तिचे यजमान सिंधी, त्यांचं सायगावात कापडाचं दुकान होतं. तिकडचं राज्य बदललं तेव्हा दुकान तिथेच टाकून ती मंडळी इथे आली. सासरी तिला लीला म्हणत. मी लानबाई म्हणायचे. गोरी, किरकोळ अंगाची, पन्नाशीला टेकलेली. बोलायची सिंधी वळणाच्या हिंदीत. स्वतःच्या भाषेत बोलायला घरात कुणी नव्हतं. नवऱ्याला दुकानदारीपुरती यायची, पण इथे आल्यावर ती त्याने सोडून दिली.

“किससे बात करूँ? पतीले से करती थी,” ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली.

व्हिएतनामी पहिल्या दिवशी जितकी सोपी वाटते तितकी दुसरी कुठलीच भाषा वाटत नसेल. लिपी रोमन! मी इंग्रजी शाळेतली, पहिल्या तासाला धडाधड वाचायला लागले. लानबाई गालाला हात लावून ऐकत होती. पान संपलं तेव्हा तिने शांतपणे विचारलं, “ये कौन सी भाषा थी?”

अक्षरांवर टोप्या होत्या, हूक होते, खाली ठिपके होते. मला वाटलं होतं, नक्षी असावी. ते सूर होते. एक सूर सपाट, एक बादली विहिरीत सोडावी तसा उतरणारा, एक अर्धी ढेकर गिळून टाकल्यासारखा घशातच तुटणारा. मुलुंडला पाच होते. पुढे साकीनाक्याला आलेली माणसं हनोईकडची निघाली, त्यांचे सहा. तोपर्यंत मुलुंडचा उच्चार माझ्या तोंडात इतका बसला होता की ते सहाही जण पहिल्या दिवशी एकमेकांकडे बघायला लागले. सायगावच्या व्यापाऱ्याच्या घरातली बोली, आणि ती बोलते कोण, तर साडी नेसलेली मुलगी.

बाकी ही भाषा सोपी आहे. लिंग नाही, वचन नाही, क्रियापद बदलत नाही. ‘ते पुस्तक’ आणि ‘तो ग्रंथ’ यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे फार सुखाचं वाटतं. पण सूर काढायला आवाज लागतो. माझ्याकडे तोच नव्हता. कुजबुजत बोललं की सगळे सूर एकसारखे ऐकू येतात.

“तू डरती है,” लानबाई म्हणायची. “डर के बोलेगी तो मेरी भाषा मर जायेगी. गला खोल.”

मग ती मला गॅलरीत उभी करायची आणि खाली खेळणाऱ्या तिच्या धाकट्या मुलाला व्हिएतनामीत हाक मारायला लावायची. मुलगा वर बघायचाच नाही. तिची सासू आतून म्हणायची, “लीला, इस छोकरी को पहले खाना तो खिला. आवाज़ पेट से आता है.”

आणि ती खायला घालायची. चिंचेच्या पाण्यात मासा आणि अळूचे जाड देठ घालून केलेलं आंबट कालवण. त्यांच्याकडे तिकडे असेच कसले तरी देठ घालतात. इथे तिने सगळ्या प्रकारचे अळू घशाला खाजवून बघून शेवटी एक पसंत केला होता. खारदांड्याहून मांदेली आणून, मीठ लावून ती बरणीत महिनोन्‌महिने मुरवायची. त्या बरणीवरून घरात रोज भांडण. सासू ती गच्चीवर नेऊन ठेवायची, ही परत खाली आणायची. त्या वासासकट ते स्वयंपाकघर माझ्या इतकं डोळ्यांसमोर आहे की कधी मासळीबाजारावरून गेले तरी माझ्या मनात व्हिएतनामी वाक्यं यायला लागतात.

दोन वर्षांपूर्वी ते सगळं कुटुंब थोरल्या दिराच्या धंद्यासाठी हाँगकाँगला गेलं. मी निरोपाला गेले तेव्हा बरणी कुणाला द्यायची यावर चर्चा चालली होती. मी ‘मला द्या’ म्हटलं असतं तर तिला आवडलं असतं.

पण या भाषेतली खरी अवघड गोष्ट मला पहिल्या महिन्याच्या शेवटी कळली. मी लानबाईला विचारलं, “‘मी’ला काय म्हणतात?”

“किसके सामने?”

“कुणाच्याही.”

“किसी के भी सामने ‘मैं’ कैसे होगा?” तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

‘मी’साठी एक कोरडा शब्द आहे, पण तो पोलिसांसमोर किंवा अनोळखी माणसापुढे वापरायचा. बाकी सगळीकडे नातं. मावशीपुढे मी भाची, दादापुढे मी धाकटी, आजोबांपुढे मी नात. आणि हे ठरवायला समोरच्याचं वय हवं. त्यामुळे ओळख झाल्याबरोबर ही माणसं वय विचारतात. आपल्याकडे गाव विचारतात तसं. ते कळेपर्यंत वाक्य सुरूच करता येत नाही. मला जपानीच्या तीन लिप्या आठवल्या आणि त्या किती सरळ होत्या असं वाटलं.

पाहुणे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी परबकाकांनी मला एक लाकडी खोकं आणून दिलं. “हेच्यार उभी रव. म्हणजे तुझो आवाज तरी वरसून येयत.” ते मालवणचे. लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सहा महिने घरी बसून मग इथे चिकटले होते. केस पांढरेशुभ्र, गाल आत गेलेले. शिकवायची त्यांची एकच रीत, ओरडायचं. चुकलं की रेडा, बरोबर आलं की ‘रेडो शानो झालो’. त्यांच्या हाताखालची पोरं त्यांच्यावर जीव टाकायची.

त्या यंत्रात रबराचे दोन रोल उलट दिशांनी फिरतात, एक जरा जास्त वेगाने. भात मधून गेलं की तूस सोलून निघतं. फट मोठी राहिली तर भात तसंच खाली येतं, फार आवळली तर तांदळाची कणी होते आणि रबर जळतं. एक दिवस परबकाका चहाला गेले असताना खिएमकाकांनी फट आवळली. त्यांच्या गावचं भात बारीक, त्याला किती आवळावं लागेल ते त्यांना बघायचं होतं. नवे रोल होते. शेडभर जळक्या रबराचा वास सुटला.

परबकाका धावत आले. खिएमकाकांचा हात त्यांनी फट आवळायच्या चाकावरून झटकून काढला.

“अरे रेड्या, डोळे फुटले काय तुझे? नवे रोल जाळलंस मां!” मग माझ्याकडे वळून, “सांग ह्याका!”

मी खोक्यावर उभी राहून म्हटलं, “काका, परबसाहेब म्हणतात, फट जरा जास्त आवळली गेली.”

त्या ओरडण्याला कुणाच्या भाषांतराची गरज नव्हती. बाकीच्या पाच पोरांनी माना खाली घातल्या आणि एकेक करून दुसरीकडे बघायला लागले, जणू खिएमकाका तिथे नव्हतेच. खिएमकाका हसले. पण ते हसू बघून मला कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी ते डगला न घालता आले. बाहेरच्या बाकावर बसले. हत्याराला हात लावेनात. मला म्हणाले, “शेठना सांग, मला घरी जायचंय.” बाकीचे पाच त्यांच्या मागे उभे.

शेठनी दोन दिवस दिले. “समजावा. नाहीतर परवा मी केबिनमध्ये बसून निकाल लावतो.” निकाल काय लागणार हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. पाहुणे गेले तर ऑर्डर जाणार. पाहुणे राहावेत म्हणून परबकाकांना काढलं तर निदान ऑर्डर राहणार. परबकाका त्या दिवशी कुणावर ओरडले नाहीत. त्यांच्या डब्यातलं मला रोज मिळायचं, ते त्यांनी तेव्हाही दिलं, पण स्वतः काही खाल्लं नाही. म्हणाले, “दोन चेडवांची शाळा हा गो. परत घरात बसूक नाय जमाचां.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुलुंडला गेले. लानबाई अळूचे देठ सोलत होती. मी सगळं सांगितलं.

“वो कितने साल का है?” तिने विचारलं.

“खिएमकाका? बावन्न.” दिसायचे पस्तिशीचे. पण पहिल्या दिवशीच त्यांनी मला वय सांगितलं होतं, माझं विचारलं होतं.

“और तुम्हारा फोरमैन?”

“माहीत नाही. साठीचे असतील.”

खरं तर पहिल्या दिवशी खिएमकाकांनी परबकाकांचंही वय विचारलं होतं. मी भाषांतर केलं तेव्हा परबकाका म्हणाले होते, “माझां वय कित्याक होया ह्यांका? सोयरीक जमवची आसा काय?” सगळी शेड हसली आणि प्रश्न तिथेच राहिला. पांढरे केस बघून त्या सहा जणांनी त्यांना थोरले काका म्हणायला सुरुवात केली. थोरल्याने ओरडलं तर एक वेळ चालतं. पण तरण्या पोरांसमोर, तेही हाताला धरून?

लानबाईने सुरी खाली ठेवली. “पूछा नहीं? तो इतने दिन क्या बोल रही थी तू?”

मला राग आला. माझं काम बोललेलं पोचवायचं होतं, न बोललेलं नव्हे. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, “अच्छा. तो कल भी पहुँचा दे.” आणि परत देठ सोलायला लागली. मी म्हटलं, तुम्हीच चला ना कारखान्यात, तुमचं ऐकतील. तिने सोललेले देठ गोळा करून पाण्यात टाकले. मग म्हणाली, “मैं सायगॉन की, वो हनोई के. पता नहीं क्या पूछेंगे. तू जा.” तिला यायचं होतं. इथे आल्यापासून भेटू शकणारी तिच्या देशाची पहिली माणसं होती ती. मी पुन्हा आग्रह करायला हवा होता, असं अजून वाटतं.

केबिनमध्ये शेठ खुर्चीवर, परबकाका एका स्टुलावर, खिएमकाका समोर, मी दाराशी. दार उघडंच होतं, बाहेर ते पाच जण.

शेठ म्हणाले, “बेन, विचार यांना. परबने गाळ, शिवी दिली का? हो की ना.”

मी विचारलं. खिएमकाका म्हणाले, “परबसाहेब माझे गुरू आहेत. माझं पोट बरं नाही. म्हणून घरी जायचंय.”

मी ते शेठना सांगितलं.

“पोट? पोटासाठी कोण व्हिएतनामला जातो? माझे डॉक्टर हाय ना! बेन, नीट विचार.”

मी नीट विचारलं. पुन्हा पोटच. शेठनी कपाळाला हात लावला. “परब, हे सहा गेले तर मी तुला ठेवून काय करू, तू सांग.”

परबकाकांचा चेहरा लाल झाला होता. ते खिएमकाकांकडे न बघता मला म्हणाले, “सांग गो त्याका, परब कोणाच्या पाया पडूचो नाय.”

मी ते सांगितलं नाही. खिएमकाका माझ्याकडे बघत होते, शेठ बघत होते. भाषांतर यायला वेळ लागला की माणसं अशीच बघतात.

“शेठ, मी बोलू का?”

“तूच तर बोलते मघापासून!”

“नाही. मघापासून हे तिघं बोलतायत. मी अजून बोललेच नाही.” माझा आवाज मलाच परका वाटला. “परबकाका, तुमचं वय किती?”

“चव्वेचाळीस. कित्याक?”

शेठनी मान वर केली. त्यांनाही ते साठीचे वाटत असावेत.

“खिएमकाका बावन्न वर्षांचे आहेत. यांच्याकडे वय कळल्याशिवाय बोलता येत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून ते तुम्हाला थोरले समजत राहिले. तुम्ही त्यांना धाकटे समजलात. आणि या पाच जणांसमोर त्यांचा हात झटकलात. यांना शिवीचं काही नाही. आता गावी गेल्यावर त्या पोरांना हे कुठल्या तोंडाने शिकवणार, ते यांना कळत नाहीये. पोट ठीक आहे त्यांचं.”

मग तेच मी व्हिएतनामीत सांगितलं, पोटाचं सोडून. खिएमकाकांनी परबकाकांच्या केसांकडे पाहिलं. “चव्वेचाळीस?” त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली.

“बावन?” परबकाका इकडे स्वतःशीच म्हणाले. “ह्यो? माझो थोरलो भाव बावनचो. तेच्यासमोर मी अजून बसान बोलणय नाय.”

ते स्टुलावरून उठले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. खिएमकाकांसमोर गेले आणि तिथेच अडले. तोंड उघडलं, मिटलं. मोठ्याने बोलायचं एवढंच ज्यांना माहीत, त्या माणसाला शब्द सापडत नव्हता. शेवटी माझ्याकडे वळून, मला कधी ऐकू आला नव्हता इतक्या हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, “गो, ह्येंका मी काय म्हणान हाक मारू?”

दाराशी उभ्या त्या पाच पोरांनाही ऐकू जायला हवं होतं. मी गळा मोकळा केला आणि उंच, सपाट सूर लावून सांगितलं, “आन्! त्यांच्यात थोरल्या भावाला आन् म्हणतात, काका. माझ्यामागून म्हणा. आन् खिएम!”